रोह्याच्या चढावरचा लोडमास्टर

इंदुबाईंनी एकदा ठरवलं की ठरलं. पेणच्या रामवाडीत हे सगळ्यांना माहीत आहे, आणि ज्यांना माहीत नाही ते भाड्याने राहायला नवे आलेले असतात. शाळेत त्या दुसरीपर्यंत गेल्या. तिसरीत गेल्या नाहीत, कारण दुसरीच्या मास्तरांशी त्यांचं पटलं नाही. "म्हणून माझं काय अडलं?" असं त्या विचारतात, आणि काय अडलं ते सांगायची हिंमत अजून कोणाला झालेली नाही.

तर इंदुबाईंनी ठरवलं होतं की नातीच्या साखरपुड्याच्या दिवशी, रोह्याला, चार पाहुण्यांच्या देखत, कृष्णाबाईंना एक शब्द मागे घ्यायला लावायचा. जास्त काही नाही, एकच शब्द. हमाल.

त्याचं झालं असं. इंदुबाईंच्या नातीला, नूतनला, रोह्याच्या सुजयने पसंत केलं. नूतनने सुजयला त्याच्या बरंच आधी पसंत करून ठेवलं होतं, पण ते घरच्यांना माहीत नाही असं धरून बोलणी ठरली. इंदुबाई आणि त्यांचे मालक कमळाकरराव रोह्याला गेले. सुजयची आजी कृष्णाबाई म्हणजे अशी भरदार बाई, की बसली की खाली खुर्ची आहे का बाक, ते पाहुण्याला कळत नाही. चहा झाला, पोहे आले, लाडू आले. कृष्णाबाईंनी विचारलं, "तुमचे मालक विमानात होते म्हणं. चालवायचे?"

"नाय," कमळाकर म्हणाले. ते खरं बोलणारे. प्रत्येक घरात असा एकजण निघतोच. "मी लोडमास्टर होतो. विमानात माल कसा भरायचा, कुठं किती वजन ठेवायचं, बांधायचा कसा, वरून खाली टाकायचा कसा, ते सगळं माझ्याकडं."

"म्हंजे हमाल की!" कृष्णाबाई म्हणाल्या, आणि हसून कमळाकरांच्या ताटलीत दुसरा लाडू घातला.

इंदुबाईंचा पोह्यांचा घास तोंडात तसाच राहिला.

ह्यात एवढं काय, असं कोणी म्हणेल. त्याने इंदुबाईंची बावीस वर्षं बघितलेली नाहीत. कमळाकर वायुदलात होते तेवढी सगळी वर्षं इंदुबाई पेणला होत्या. सासू, दोन नणंदा, एक दीर, तीन पोरं, जिते गावातलं भातशेत, भातामागून वाल आणि एक म्हैस. ह्यांतलं कोणीच त्यांचं ऐकायचं नाही. त्यातल्या त्यात म्हैस बरी. नवरा कुठे असतो असं कोणी विचारलं, की इंदुबाई हातातलं काम न सोडता एक बोट वर करायच्या. आभाळाकडे. एखादी नवखी बाई हळहळून पदर डोळ्याला लावायची, तेव्हा इंदुबाई तिला खडसवायच्या, "मेला नाय गो! विमानात हाय."

त्या एका बोटावर बावीस वर्षं काढली. आणि रोह्याची एक बाई एका लाडवात त्या सगळ्याचा निकाल लावून मोकळी. मग आपण एवढी वर्षं बोट दाखवत होतो ते कशाकडे?

आणि कमळाकर तर घरी आल्यापासून गप्पच झाले. बोलणं तोडकं, जेवणं मऊ भात नि वरण. वायुदलाचा निळा कोट साखरपुड्यासाठी म्हणून ट्रंकेतून काढला होता, तोही त्यांनी परत ठेवून दिला. इंदुबाईंनी हे पाहिलं आणि नातीला म्हणाल्या, "नूतन, त्या पनवेलच्या साहेबाला फोन लाव."

पनवेलचे साहेब म्हणजे विंग कमांडर खर्डेकर, कमळाकरांच्या विमानाचे कॅप्टन. त्यांच्या विमानात आणखी दोघे होते. पोपटराव नॅव्हिगेटर, म्हणजे वाट दाखवणारे, आणि कुरियन फ्लाइट इंजिनियर, म्हणजे इंजिनाची नाडी बघणारे. कुरियन मूळचे केरळचे, पण तेही पनवेललाच घर करून राहिले, त्याला आता इतकी वर्षं झाली की भाजीवाल्याशी भांडताना मराठी अडत नाही. दर वर्षी नवा वाल आला की चौघं रामवाडीला इंदुबाईंच्या हातचं बिरडं खायला जमायचे आणि तीच गोष्ट परत सांगायचे. विमान तेच, डोंगर तोच, वादळ तेच. फक्त खालची दरी दर वर्षी थोडी खोल होत गेलेली.

"साहेब," इंदुबाई फोनवर म्हणाल्या, "तुमच्या मास्टरला रोह्यात हमाल म्हणालेत."

खर्डेकर म्हणाले, "वहिनी, निघायचं किती वाजता?"

साखरपुड्याच्या दिवशी तिघंही कडक इस्त्रीत, छातीवर पदकं लावून रामवाडीला हजर. इंदुबाईंच्या मुलाने, हर्षदने, दोन गाड्या ठरवल्या होत्या. "दोघं साहेब ह्या गाडीत, दोघं त्या गाडीत," तो म्हणाला.

"क्रू फुटत नाही," खर्डेकर म्हणाले.

"म्हणजे?"

"म्हणजे चौघं एकत्र. नायतर कोणीच नाही."

"आणि माल मास्टरबरोबर," कुरियननी सांगितलं.

हर्षदने आईकडे पाहिलं. आईने अशा नजरेने पाहिलं की तो नूतनला आणि बाकीच्यांना घेऊन मुकाट्याने पुढे निघून गेला. मागे राहिली गल्लीतल्या मिथुनची मिनीडोअर. पुढे एक चाक, मागे दोन. पुढे ड्रायव्हर आणि शेजारी एक माणूस. मागे समोरासमोर बाकं, आणि चढायला-उतरायला मागूनच. पेण-अलिबागकडे निम्मी वऱ्हाडं ह्याच गाडीतून गेलेली आहेत.

कमळाकरांनी माल भरला. पोह्याच्या पापडांचे डबे, पितळी हंडा, मिठाईचे खोके आणि जित्याच्या नव्या तांदळाची एक गच्च गोणी. गोणी त्यांनी पार पुढे, ड्रायव्हरच्या पाठीला टेकवून ठेवली आणि दोरीने अशी बांधली की भूकंप झाला तरी तांदळाला कळू नये. मग ते चष्मा आणायला आत गेले.

इंदुबाईंना ते पटलं नाही. रोह्याला गाडीचा मागचा पडदा वर झाला की पहिली काय दिसली पाहिजे? गोणी. कृष्णाबाईंच्या डोळ्यांत भरायला नको?

"मिथुन, ती गोणी पार मागं घे. दाराशी."

"काकी, काका ओरडतील."

"काका विमानात ओरडायचे. रामवाडीत मी ओरडते."

मिथुनने गोणी मागे घेतली.

मग सगळे बसले. पुढे मिथुन आणि शेजारी कॅप्टन. मागे एका बाकावर कुरियन आणि पोपटराव, समोर कमळाकर आणि दाराच्या टोकाला इंदुबाई, पाय गोणीवर, आणि पातळाचा घोळ असा सोडलेला की गोणी कोणाच्या नजरेला पडू नये. मिथुन किल्ली फिरवणार एवढ्यात खर्डेकरांनी त्याचा हात धरला.

"चेक केल्याशिवाय नाही. ब्रेक?"

मिथुन गोंधळला. "दाबला की लागतो."

"हँडब्रेक?"

"दगड ठेवतो, साहेब."

"आरसा?"

"एक हाय."

"इंधन?"

"रोह्यापर्यंत."

"आणि परत यायला?"

"रोह्यात पंप हाय की."

"इंजिन?" खर्डेकरांनी मागे वळून विचारलं.

कुरियननी कान पत्र्याला लावला. "दमा आहे, सर. पण स्वभाव चांगला."

मिनीडोअर सुटली. पोपटरावांनी खिशातून घडीचा नकाशा काढला. पेणहून रोह्याला जायला वडखळ, नागोठणं, मग भिसे खिंड चढून उतरलं की रोहा; शेळीसुद्धा चुकणार नाही. तरी पोपटराव दर वळणाला सांगत होते. "डावीकडे ठेव. आता सरळ. वडखळ आलं की मला सांगा."

"वडखळला तुमचा काय उपयोग, पोपट? तिथं रस्ता सापडतो, पुढं सरकता येत नाही," खर्डेकर म्हणाले.

"सर, मी होतो म्हणून तुम्ही घरी आलात. नाहीतर बर्मात उतरला असता."

"आणि उतरलो असतो ते तीनदा," कुरियन म्हणाले. "वहिनी, सरांचं लँडिंग एकच असायचं. आपल्याला मात्र तीनदा लागायचं."

तिघंही हसले. कमळाकर हसले, पण ओठ मिटून. इंदुबाईंनी ते बघितलं. कसा हसेल बिचारा, त्या म्हणाल्या मनात. थांब, कृष्णाबाई.

नागोठणं मागे पडलं आणि भिसे खिंडीचा चढ सुरू झाला. मिनीडोअर कण्हायला लागली. पहिल्या वळणावर मिथुन म्हणाला, "साहेब, हँडल हलकं लागतंय."

मागचं हसणं पिठात पाणी पडावं तसं बसलं. चौघांच्या चेहऱ्यावरचा उतारवयातला सगळा मऊपणा गेला.

"नाक हलकं?" खर्डेकरांनी विचारलं.

"व्हय. पुढचं चाक असल्यासारखं वाटत नाय."

"सर, पुढं झुका," कमळाकर म्हणाले. खर्डेकर इतके झुकले की कपाळ काचेला टेकलं. पोपटराव आणि कुरियनही जागच्या जागी पुढे सरकले, आणि सगळी मिनीडोअर नमस्काराला वाकल्यासारखी खिंड चढू लागली. कमळाकर मात्र मागे वळून पाहत होते. पातळाचा घोळ वाऱ्याने उडाला होता.

"गोणी मागं कशी आली?"

इंदुबाई बाहेरच्या झाडीकडे पाहत होत्या. "हवा काय छान सुटलीय."

"इंदू, गोणी कोणी हलवली?"

"तुम्ही पुढं बघा. खिंडीत मागं वळून बोलू नये."

चढावर थांबावं तर हँडब्रेकच्या जागी दगड. वर पोचल्यावर थांबावं तर मुहूर्त. कमळाकरांनी मान हलवली आणि उतार लागेपर्यंत एक हात गोणीवर दाबून बसून राहिले.

कृष्णाबाईंचं घर एका चढाच्या गल्लीत, अगदी वरच्या टोकाला. अंगणाच्या तोंडाशीच सगळे उभे. सुजय, हर्षद, नूतन, शेजारपाजार, आणि सर्वांच्या पुढे निळा शालू नेसलेल्या कृष्णाबाई, हातात निरांजनाचं ताट. मिथुनने ब्रेक दाबला आणि टुणकन खाली उडी मारून मागच्या चाकाला दगड लावला.

आता इथे वायुदलाची एक रीत सांगायला हवी. विमान थांबलं आणि समोर स्वागताला माणसं उभी असली, की आधी कॅप्टन उतरतो. बाकीच्यांनी जागा सोडायची नाही. लोडमास्टर तर सगळ्यांच्या शेवटी. एवढ्या वर्षांत ही रीत कोणी मोडली नव्हती, आणि आज तर रोह्यासमोर मोडण्याचा प्रश्नच नव्हता. पोपटराव आणि कुरियन ताठ बसून राहिले. खर्डेकरांनी टोपी नीट केली आणि ऐटीत खाली पाय ठेवला.

मिथुन उतरलेला. कॅप्टन उतरलेले. पुढे रिकामं, मागे चार माणसं, हंडा, डबे आणि दाराशी जित्याचा तांदूळ. वर चढ.

मिनीडोअरने नाक वर केलं.

सावकाश केलं. वासराने मान वर करावी तसं पुढचं चाक जमिनीवरून उठलं, आणि गाडीचा मागचा भाग रस्त्याला टेकला. डबे घरंगळत इंदुबाईंच्या मांडीवर आले, हंडा पोपटरावांच्या मांडीवर आणि पोपटराव कुरियनच्या. कृष्णाबाईंच्या तोंडासमोर, निरांजनाच्या वर, ते एक चाक हवेत गरगरत राहिलं.

"कोणी हलायचं नाही!"

हा आवाज कोणाचा, ते रोह्याला कळलंच नाही. इंदुबाईंनाही क्षणभर कळलं नाही. पन्नास वर्षं संसार केला, पण कमळाकरांचा हा आवाज त्या पहिल्यांदाच ऐकत होत्या. हा वरच ठेवलेला असायचा, आभाळात.

"मागून कोणी उतरलं तर नाक दाणकन खाली येईल. समोरची माणसं आधी बाजूला. ताटवाल्या बाई, एक पाऊल डावीकडे. आता चौघांनी पुढचा दांडा धरून हळूहळू खाली घ्या. हळू. सोडू नका. आता पुढच्या सीटवर वजन पाहिजे."

सुजय पुढे झाला. कमळाकरांनी गाडीच्या आतूनच त्याच्यावर नजर फिरवली. "तुम्ही नको, जावई. तुम्ही असून नसल्यासारखे." मग हर्षद. "तूही नाय." नजर माणसांवरून फिरत फिरत निळ्या शालूवर थांबली. लोडमास्टर वजन बघतो तेव्हा त्याला विहीण दिसत नाही.

"त्या निळ्या शालूतल्या बाई. पंच्याऐंशी."

"काय पंच्याऐंशी?" कृष्णाबाईंनी विचारलं.

"किलो. पुढं बसा."

कृष्णाबाईंना आजवर कोणी असं बोललेलं नव्हतं, पण आवाजच असा होता की त्या ताटासकट जाऊन ड्रायव्हरच्या जागेवर बसल्या. मिनीडोअरचं चाक शहाण्यासारखं जमिनीला टेकलं. कुरियन मागून खाली आले. मग हंड्यासह पोपटराव, मग कमळाकर.

"पुढची सीट अजून सोडायची नाय," कमळाकरांनी बजावलं. "मागचा माल उतरल्याशिवाय पुढचा भार हलवायचा नसतो. इंदू, उतर. गोणी काढू दे."

इंदुबाईंनी इकडे-तिकडे पाहिलं. समोर सगळं रोहा. छातीवर पदकं लावलेला कॅप्टन. आणि कृष्णाबाई अशा जागी बसलेल्या की तिथून हलता येणार नाही. हे काही त्यांनी ठरवलेलं नव्हतं, पण ठरवूनही इतकं छान जमलं नसतं. त्या बाकावरून उठल्या आणि गोणीवर मांडी घालून बसल्या.

"मी उतरत नाय."

"आजी," नूतन रडकुंडीला आली, "मुहूर्त चाललाय गो!"

"चालू दे. मुहूर्ताला पाय हायत, तो परत येईल. कृष्णाबाई, तुम्ही ह्यांना हमाल म्हणाल्या होतात. शब्द मागं घ्या, मी उतरते."

"मी?" कृष्णाबाईंचा आवाज पुढून आला. दोघींना एकमेकींची तोंडं दिसत नव्हती, मध्ये पत्रा. "मी कुठं खोटं बोलले?"

"खर्डेकर साहेब, सांगा हिला."

खर्डेकर ह्याच साठी आले होते. ते पुढच्या सीटशी जाऊन उभे राहिले आणि त्यांनी तीच गोष्ट सांगितली. पूर्वेकडचे डोंगर. खाली चौकीवर जवान, बर्फात अडकलेले, धान्य संपलेलं. विमानाचं मागचं दार उघडं, माल खाली टाकायची वेळ, आणि सगळ्यात जड पेटी निम्म्यात अडकून शेपटीशी बसलेली. "नाक असं वर, ताई. मी सगळ्या ताकदीने दांडा पुढं दाबतोय, विमान ऐकत नाही. खाली दरी."

"किती खोल?" कोणीतरी विचारलं.

"फार," पोपटराव म्हणाले.

"ह्या मास्टरने माल ढकलायला विमानात घेतलेल्या सगळ्या जवानांना हाका मारून पुढं पळवलं, माझ्या पाठीशी कोंबलं. मग एकटा पोटावर सरपटत उघड्या दारापर्यंत गेला आणि पेटीची साखळी तोडली. नाक खाली आलं. हा नसता, तर आज आम्ही चौघं तुमच्या दारात नाही, भिंतीवर फोटोत असतो."

कृष्णाबाईंच्या ताटातलं निरांजन फडफडत होतं.

"ऐकलंत?" इंदुबाई गोणीवरून म्हणाल्या. "आणि तुमच्या त्या शब्दापासून हा माणूस गप हाय. धड बोलत नाय, धड जेवत नाय, कोट घालत नाय."

"अगो, काय तरीच काय!" कमळाकर कळवळून म्हणाले. "कोट पोटावर बसत नाय आता. आणि गप हाय तो लाडवामुळं. टणक होता. कवळी तडकली माझी. तुला सांगितलं असतं तर तू रोह्याला भांडायला आली असतीस."

"आलेच की."

"माझा लाडू टणक?" पुढून विचारणा झाली, आणि आवाजावरून कळलं की हे प्रकरण आता खरं तापलं. "पेणहून येऊन माझ्या दारात माझ्या लाडवाला नावं? मी पण इथून उठत नाय. बसा रात्रभर."

"मी बसेन. मला सवय हाय. मी बावीस वर्षं बसलेय."

भटजी दारात येऊन दोनदा खोकून आत गेले. नूतन आणि सुजय अंगणात लांब लांब उभे. आपलं लग्न एका तीनचाकीत अडकलंय हे दोघांनाही दिसत होतं. तेवढ्यात घरातून एक वाकलेला म्हातारा माणूस बाहेर आला. खांद्यावर पंचा, अंगात बंडी. कृष्णाबाईंचे मालक, बाबाजी. बोलणी झाली त्या दिवशी ते तापाने आतल्या खोलीत झोपलेले होते. इंदुबाईंना एवढंच सांगण्यात आलं होतं की ते रेल्वेत होते.

"काय झालंय?" त्यांनी विचारलं.

"काय व्हायचंय," कृष्णाबाई म्हणाल्या. "मी ह्यांच्या मालकांना हमाल म्हटलं, त्यांना राग आलाय. इंदुबाई, आता ऐकाच. आमचे हे रेल्वेत होते ते मालधक्क्यावर. जन्मभर पाठीवर गोण्या वाहिल्या ह्यांनी. ह्या घराचा चिरा न् चिरा त्या पाठीवरून आलाय. मला वाटलं, बरं झालं, पोरगी आपल्यासारख्याच घरातली येते. त्या आनंदात लाडू वाढला मी. आता तुम्हीच सांगा. शब्द मागं घेतला, तर मी ह्यांना काय म्हणायचं?"



शब्द मागे घ्यायला लावा, तर ह्या वाकलेल्या माणसाच्या पाठीला पाय लागतो. न लावता उतरा, तर चार माणसांत केलेली प्रतिज्ञा मोडते. इंदुबाईंनी आजवर प्रतिज्ञा मोडलेली नव्हती. त्यांनी कमळाकरांकडे पाहिलं. तो माणूस बाबाजींच्या हाताच्या पंजाकडे पाहत होता. रुंद, निबर पंजा. मग त्याने स्वतःचा पंजा पाहिला.

बाबाजींनी कोणाला काहीच विचारलं नाही. ते गाडीला एक फेरी मारून मागे आले, वाकले, गोणीखाली हात घालून पाहिला.

"भार चाकाच्या मागं हाय," ते म्हणाले. "कुणी ठेवली अशी?"

कमळाकरांनी इंदुबाईंकडे पाहिलं. इंदुबाईंनी गल्लीतल्या एका कुत्र्याकडे पाहिलं.

"गोणीवर बाई बसलीय," कमळाकर म्हणाले. "उतरत नाय म्हणते."

"मग बाईसकट काढू."

"मी तेच म्हणणार होतो. उचलायची नको. सरकवायची."

"फळी हाय माझी. मालगाडीच्या वाघिणीला लावायचो ती."

"दोरी माझ्याकडं हाय."

एवढंच बोलणं झालं. पण त्या दोघांनी एकमेकांकडे असं पाहिलं, जसे जत्रेत हरवलेले भाऊ भेटावेत. बाबाजींनी परसातून लांब, गुळगुळीत फळी आणवली, एक टोक गाडीला लावलं, एक जमिनीला. कमळाकरांनी गोणीला दोन पदरी दोरी घातली आणि टोकं गाडीच्या पुढच्या अंगाने काढून पोपटराव आणि कुरियनच्या हातात दिली. "सोडा म्हटलं की वीत वीत सोडायची." खर्डेकर बाजूला ताठ उभे राहिले.

"ए, मी काय पेटी हाय काय?" इंदुबाई ओरडल्या.

"नाय," कमळाकर म्हणाले. "पेटी गप बसते. सर?"

खर्डेकरांनी हात वर केला आणि खाली आणला. "ड्रॉप!"

पोपटराव आणि कुरियन दोरी सोडत गेले. बाबाजी एका अंगाने फळीबरोबर चालत होते, कमळाकर दुसऱ्या. आणि मधून जित्याच्या तांदळाच्या गोणीवर मांडी घातलेल्या इंदुबाई, पदर सरळ, मान ताठ, मांडीवर पापडांचा डबा, वीत वीत करत रोह्याच्या जमिनीवर आल्या. शेजारच्या पोरांनी टाळ्या वाजवल्या. गोणी जमिनीला लागली तेव्हा आतला एक दाणा हलला नसेल.

"पुढचा भार मोकळा," कमळाकरांनी सांगितलं. कृष्णाबाई उतरल्या. मिनीडोअर जागची हलली नाही. त्या शालू सावरत मागे आल्या, गोणीसमोर उभ्या राहिल्या. कोणीच शब्द मागे घेतला नाही.

"ओवाळू का?" शेवटी कृष्णाबाईंनी विचारलं. "का बसूनच राहणार आहात?"

"बसल्या बसल्याच ओवाळा," इंदुबाई म्हणाल्या.

साखरपुडा मुहूर्त टळल्यावर झाला, आणि भटजींनी दुसरा मुहूर्त त्याच पंचांगातून काढून दिला. आत पाहुण्यांना कृष्णाबाई स्वतः ओळख करून देत होत्या. "ते अंगणात बसलेत ना, ते आमचे व्याही. विमानात हमाल होते."

"आणि मी त्यांचा ड्रायव्हर," खर्डेकर लगेच म्हणायचे.

"मी क्लीनर," कुरियन.

पोपटराव म्हणाले, "मी मागून 'येऊ द्या, येऊ द्या' म्हणायचो." कमळाकर आणि बाबाजी ह्यांच्यात नव्हतेच. ते अंगणात फळीवर बसून गोणीचं तोंड कुठल्या बाजूला ठेवावं ह्यावर बोलत होते, आणि जेवायला बोलावलं तरी उठत नव्हते.

रामवाडीत ही गोष्ट दुसऱ्या दिवशी पोचली. मिथुनने तोंड बंद ठेवलं असतं तर नवल. शेजारची सगुणा विचारायला आली, "काय गो काकी, उतरणार नाय म्हणाल्या होतात, आणि शेवटी उतरलात म्हणे?"

इंदुबाई वाल सोलत होत्या. त्यांनी हातातलं काम सोडलं नाही.

"मी उतरले नाय," त्या म्हणाल्या. "मला उतरवली. विचार जा त्या दोघा हमालांना."